जुनी लेन्स, नवा कॅमेरा आणि ३ सेंटिमीटरचा फोकस

हेलिओस ४४-२ (५८ मिमी, एफ/२) किंवा सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ हाती लागते, स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर मागवला जातो आणि लेन्स मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यावर चढते. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसतात. कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले की कळतं, डोळे मऊ आलेत आणि कान मात्र धारदार. मग दोष लेन्सच्या माथी मारला जातो: "जुनीच ती, एवढंच देणार." बहुतेक वेळा लेन्स निर्दोष असते. गडबड असते ती अ‍ॅडॉप्टरच्या जाडीत किंवा फोकस ठरवण्याच्या पद्धतीत, आणि दोन्ही ठिकाणी चूक असते ती मिलिमीटरच्या अंशात.

आधी आकडा बघू. फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरवर ५० मिमी लेन्स एफ/१.४ ला पूर्ण उघडी ठेवली (एफचा आकडा जेवढा लहान, तेवढं प्रकाश आत घेणारं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं) आणि माणूस १ मीटरवर असला, तर स्वीकारार्ह शार्पनेसचा पट्टा साधारण ३.२ सेंटिमीटर जाडीचा असतो. हे नेहमीच्या ०.०३ मिमीच्या निकषानं, म्हणजे सेन्सरवर एका बिंदूचा ठिपका एवढा पसरेपर्यंत तो शार्प मानायचा. हा निकष फिल्मच्या जमान्यातल्या छोट्या प्रिंटसाठी ठरलेला होता. २४ मेगापिक्सेलचा फोटो पूर्ण मोठा करून पाहणाऱ्याला हाच पट्टा दीड सेंटिमीटरच्याही आत भासतो. माणूस २ मीटरवर गेला की पट्टा १३ सेंटिमीटर होतो. १ मीटरवरच राहून एफ/४ केलं तर ९. म्हणजे जवळून, पूर्ण उघड्या लेन्सनं चेहरा टिपताना पापणीवर फोकस असेल तर नाकाचा शेंडा आधीच पट्ट्याबाहेर गेलेला असू शकतो. उभा माणूस श्वास घेताना पुढेमागे डोलतो, तेवढ्यानंही डाव हातचा जातो.

अ‍ॅडॉप्टर म्हणजे मोजून ठेवलेली पोकळी

प्रत्येक माउंटचं, म्हणजे लेन्स बसवायच्या खाचेचं, एक ठरलेलं अंतर असतं: धातूच्या कड्यापासून सेन्सरच्या प्रतलापर्यंतचं. त्याला फ्लँज अंतर म्हणतात. एसएलआर कॅमेऱ्यात मध्ये आरसा हलायचा, म्हणून ही जागा मोठी ठेवावी लागे. एम४२ या चुडीच्या (आट्यांवर फिरवून आवळायच्या) माउंटचं अंतर ४५.४६ मिमी, निकॉन एफचं ४६.५, ऑलिंपस ओएमचं ४६, मिनोल्टा एमडीचं ४३.५, कॅनन एफडीचं ४२. मिररलेसमध्ये आरसाच गेला, त्यामुळे सोनी ई १८ मिमी, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०, फुजी एक्स १७.७ आणि मायक्रो फोर थर्ड्स १९.२५ वर आले.

बाकी नुसती वजाबाकी. एम४२ लेन्स सोनीवर लावायची तर ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमी लांबीची पोकळ नळी लागते. त्यात काच नाही, त्यामुळे चित्राच्या दर्जात फरक पडत नाही. एफडी लेन्स कॅननच्याच आरएफवर बसवायला २२ मिमी. २०१३ मध्ये सोनीनं ए७ आणला आणि जुन्या लेन्स फुल-फ्रेम सेन्सरवर पूर्ण कोनासकट वापरायची सोय झाली. मायक्रो फोर थर्ड्स २००८ पासून होतं, पण त्या छोट्या सेन्सरवर ५० मिमीची लेन्स १०० मिमीसारखी दिसते.

वजाबाकी उणे आली की खेळ संपतो. एम४२ लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर लावायची तर ४५.४६ वजा ४६.५, म्हणजे लेन्स १.०४ मिमी आत घुसायला हवी, आणि ते शक्य नाही. अ‍ॅडॉप्टरची जाडी शून्य धरली तरी ५० मिमीची लेन्स अडीच मीटरच्या पलीकडे फोकसच होत नाही. त्यावर उपाय म्हणून सुधारक काच असलेले अ‍ॅडॉप्टर मिळतात. ती काच स्वस्तातली असेल तर उघड्या अ‍ॅपर्चरला सगळ्या चित्रावर धुकं पसरवते. एवढ्यासाठी चांगली लेन्स खराब करू नये.

खरेदी करताना एक सापळा लक्षात ठेवा. एम३९ नावाची चूड दोन वेगळ्या घराण्यांत आहे. जुन्या झेनिट एसएलआरच्या एम३९ लेन्सचं अंतर ४५.२ मिमी, तर झॉर्की आणि लायका पद्धतीच्या रेंजफाइंडरच्या लेन्सचं २८.८. चूड बसते, फोकस मात्र येत नाही. टी२ चूडही ४२ मिमीचीच असते, पण तिचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.७५ मिमी आणि एम४२ चा १ मिमी. दीड फेरीनंतर अडकायला लागलं तर जोर लावू नका, चूड खराब होईल.

दहावा भाग मिलिमीटरचा

लेन्स जवळच्या वस्तूवर फोकस करताना सेन्सरपासून पुढे सरकते. किती सरकते, ते ढोबळपणे केंद्रांतराच्या (५० मिमी लेन्सचं ५०) वर्गाला वस्तूच्या अंतरानं भागून येतं. ५० मिमी लेन्ससाठी २५ मीटरवरची वस्तू म्हणजे २५०० भागिले २५०००, म्हणजे ०.१ मिमी. आता हेच उलटं वाचा. अ‍ॅडॉप्टर ०.१ मिमी जाड निघाला, तर रिंग अनंताच्या खुणेवर ठेवूनही लेन्स २५ मीटरवरच थांबते. दूरचा डोंगर कधीच शार्प येणार नाही.

२८ मिमी लेन्सला तीच ०.१ मिमीची चूक जवळजवळ ८ मीटरवर अडवते. १३५ मिमीला मात्र १८० मीटरच्या पुढे. म्हणून वाइड लेन्सला अ‍ॅडॉप्टरची चूक जास्त जाचते आणि टेलीला कमी.

ही भानगड टाळायला बरेच उत्पादक अ‍ॅडॉप्टर मुद्दाम किंचित आखूड करतात. मग लेन्स अनंताच्या पुढे जाते, म्हणजे अनंताचा शार्प बिंदू रिंगच्या टोकाआधीच येऊन जातो. फोकस डोळ्यांनी बघून करणार असाल तर यात काही बिघडत नाही. फक्त लेन्सवरची मीटरची मोजपट्टी खोटी ठरते. रात्री ताऱ्यांचे फोटो काढताना रिंग टोकाला नेऊन "झाला अनंत" म्हणणारे इथेच फसतात.

तपासणी सोपी आहे. चंद्र किंवा लांबचा मोबाइल टॉवर घ्या, लेन्स पूर्ण उघडी ठेवा, चित्र १० पट मोठं करा आणि रिंग हळूहळू अनंताकडे न्या. शार्प बिंदू टोकाआधी आला तर अ‍ॅडॉप्टर आखूड आहे. टोकाला पोचूनही चित्र सुधारतच होतं असं वाटलं, तर लांब. आखूड अ‍ॅडॉप्टर घरी दुरुस्त होतो. बऱ्याच अ‍ॅडॉप्टरचं कॅमेऱ्याकडचं कडं चार बारीक स्क्रूंनी बसवलेलं असतं. ते काढून खाली पातळ पत्रा किंवा फॉइलचं कडं घालता येतं. स्वयंपाकघरातलं अ‍ॅल्युमिनियम फॉइल साधारण ०.०१ ते ०.०२ मिमीचं असतं, त्यामुळे थर वाढवत नेमकं जुळवता येतं. थर चारही बाजूंना सारखा हवा. एका बाजूला जास्त झाला की लेन्स तिरकी बसते आणि चित्राची एक कड कायम मऊ येते. स्क्रू काढताना टोक नीट बसणारा ड्रायव्हर घ्या, हे मऊ धातूचे स्क्रू एकदा घासले की बाहेर येत नाहीत.

तिरकेपणा आधीपासूनच आहे का, हे बघायला लांबची सपाट इमारत समोरून टिपा आणि डावी-उजवी कड ताडून बघा. मग त्याच अ‍ॅडॉप्टरवर दुसरी लेन्स लावा. तीच बाजू मऊ आली तर दोष अ‍ॅडॉप्टरचा किंवा कॅमेऱ्याचा. बाजू बदलली तर लेन्सचा.

एम४२ लेन्स चुडीची असल्यामुळे पूर्ण आवळल्यावर वरची खूण कधीकधी बाजूला जाते. चांगल्या अ‍ॅडॉप्टरच्या कडेला तीन इवलेसे षटकोनी स्क्रू असतात. ते सैल करून आतलं कडं फिरवा, खूण वर आणा आणि पुन्हा आवळा.

अ‍ॅपर्चर बंदच होत नाही?

हेलिओस ४४-२ वर अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा आहेत. एकीनं मर्यादा ठरवायची, उदाहरणार्थ एफ/४, आणि दुसरी पूर्ण उघड ते त्या मर्यादेपर्यंत सरसर फिरते. कॅमेऱ्याशी तिचा काही संबंध नाही, म्हणून कुठल्याही अ‍ॅडॉप्टरवर ती चालते. नंतरच्या एम४२ लेन्समध्ये मात्र मागे एक पिन असते आणि ती दाबली गेल्याशिवाय पाती हलत नाहीत. लेन्सवर ए/एम बटण असेल तर एमवर ठेवा. नसेल तर आत कड असलेला, पिन दाबून धरणारा अ‍ॅडॉप्टर हवा.

कॅनन एफडीच्या अ‍ॅडॉप्टरवर लॉक आणि ओपन अशी स्वतःची रिंग असते. ओपनवर ठेवून लेन्स चढवायची आणि मग लॉकवर फिरवायची. ओपनवर राहिली तर रिंगवर एफ/८ दिसूनही लेन्स पूर्ण उघडीच राहते. पुढून बघून पाती हलतात का, एवढी खात्री करणं पुरे.

कॅमेऱ्यातली तयारी

कॅमेऱ्याला लेन्स दिसतच नाही, म्हणून काही कॅमेरे शटर दाबूच देत नाहीत. सोनीत "रिलीज विदाउट लेन्स", फुजीत "शूट विदाउट लेन्स" हा पर्याय चालू करा. कॅननमध्येही अशाच नावाचा पर्याय आहे. निकॉन झेडमध्ये "नॉन-सीपीयू लेन्स डेटा" मध्ये केंद्रांतर आणि कमाल अ‍ॅपर्चर नोंदवा.

अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोड व्यवस्थित चालतो. तुम्ही लेन्सवर अ‍ॅपर्चर फिरवता, कॅमेरा येणाऱ्या प्रकाशावरून शटर ठरवतो. सेन्सर हलवून थरथर रोखणारी सोय असेल तर केंद्रांतर हातानं भरावं लागतं. तिथे लेन्सचं खरं केंद्रांतर भरा. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरही ५८ मिमी लेन्ससाठी ५८ च, ८७ नाही. चुकीचा आकडा टाकला तर सेन्सर कमी-जास्त हलतो आणि उलट फोटो हलका मऊ येतो, तोही कारण कळू न देता. दोन-तीन जुन्या लेन्स आलटून पालटून वापरणाऱ्यांकडून ही चूक सर्रास होते.

मोठं करून दाखवणारी सोय एखाद्या सहज सापडणाऱ्या बटणावर ठेवा आणि तिची वेळमर्यादा काढून टाका. दोन सेकंदांत चित्र आपोआप लहान झालं तर फोकस करणं अशक्य होतं.

पीकिंग कुठपर्यंत खरं

पीकिंगमध्ये कॅमेरा चित्रातल्या तीव्र कडा शोधून रंगवतो. तो फोकस मोजत नाही, कॉन्ट्रास्ट मोजतो, आणि तोही पूर्ण फोटोवर नव्हे, व्ह्यूफाइंडरच्या लहान चित्रावर. त्यामुळे लहान चित्रात जेवढं शार्प दिसतं तेवढं सगळं रंगतं. एफ/१.४ ला खऱ्या पट्ट्याच्या दोन-तीन पट भाग लाल होऊ शकतो. पापणी, भुवई, केसांची बट सगळं एकदम लाल, पण शार्प त्यातलं एकच. उलट गालासारख्या सपाट जागी फोकस बरोबर असूनही काहीच उजळत नाही. आणि जुनी वेगवान लेन्स पूर्ण उघडी असताना तिच्या चित्रावर हलकी आभा असते, कडा मुळातच मवाळ असतात, मग पीकिंग कधी रुसतं तर कधी भलतीकडे उजळतं.

म्हणून पीकिंगची पातळी "लो" वर ठेवा. काळ्या-पांढऱ्या दृश्यात लाल रंग झटकन दिसतो, म्हणून व्ह्यूफाइंडर मोनोक्रोम ठेवणारे बरेच जण आहेत. रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. पीकिंगचा उपयोग जवळपास पोचण्यापुरता. शेवटचा निर्णय चित्र मोठं करून.

क्रम असा. मोठं करण्याची चौकट आधी फ्रेममध्ये जिथे डोळा येणार आहे तिथेच न्या. मध्यभागी फोकस करून मग कॅमेरा वळवण्याची जुनी सवय इथे महाग पडते. १ मीटरवर २० अंश वळवलं तर फोकसचं प्रतल डोळ्याच्या सुमारे ६ सेंटिमीटर मागे जाऊन पडतं, आणि पट्टा होता ३.२. शिवाय बऱ्याच जुन्या लेन्सचं प्रतल सपाट नसून वाकडं असतं, ते वेगळंच. हेलिओसच्या प्रसिद्ध भोवऱ्यासारख्या पार्श्वभूमीमागेही कडेच्या भागातले असेच दोष आणि लेन्सच्या नळीनं कापलेला प्रकाश आहे.

चौकट लागली की ५ ते १० पट मोठं करा. रिंग शार्प बिंदूच्या पुढे न्या, पापणी मऊ व्हायला लागली की परत या, दुसऱ्या बाजूनं थोडं ओलांडा, मग मध्ये थांबा. एका दिशेनं जाऊन "आता झालं" असं ठरवलं तर डोळा नेहमी थोडा आधी समाधान मानतो. जुन्या हेलिकॉइडमध्ये (फोकस रिंगच्या आतल्या आट्यांमध्ये) थोडा ढिलेपणा असतो, म्हणून शेवटची हालचाल दर वेळी एकाच दिशेनं असू द्या.

माणूस हलता असेल तर उलट करा. अंतर ठरवून रिंग सोडून द्या आणि स्वतः हलकेच पुढेमागे डोलत, पापणी शार्प दिसते त्या क्षणी तीन-चार फोटो सलग काढा. शटर १/१२५ किंवा त्याहून वेगवान. थरथर रोखणारी सोय हाताची थरथर रोखते. समोरच्या माणसाचं डोलणं ती थांबवू शकत नाही.

रंगाच्या खाणाखुणा

वेगवान जुन्या लेन्समध्ये, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला, फोकसच्या पुढच्या कडांवर जांभळट आणि मागच्या कडांवर हिरवट छटा दिसते. छपाई केलेला कागद तिरका ठेवून पाहिलं की लगेच कळतं. हा खरं तर दोष, पण फोकससाठी यासारखी खूण नाही. चित्र मोठं करून पापणीवरची किंवा चष्म्याच्या काडीवरची चकाकी बघा. रिंग फिरवताना जांभळं जाऊन हिरवं यायला लागतं आणि मध्ये एका जागी कड रंगहीन होते. तोच फोकस. पीकिंगपेक्षा हे जास्त विश्वासू आहे.

दुसरी गोष्ट फोकस सरकण्याची. गोलीय विपथन (काचेच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळणं) असलेली लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोकस केला आणि मग एफ/२.८ ला बंद केली, तर सर्वात शार्प प्रतल थोडं मागे सरकतं. एफ/१.२ आणि एफ/१.४ च्या जुन्या लेन्सना हे हमखास होतं. एफ/२.८ पर्यंत फोटो काढायचा असेल तर त्याच अ‍ॅपर्चरला फोकस करा. एफ/८ ला मात्र उलट: बंद लेन्सनं पट्टा रुंद दिसतो, अंधारात व्ह्यूफाइंडर दाणेदार होतो, नेमका बिंदू सापडत नाही. तिथे उघडून फोकस करा आणि मग बंद करा. पट्टा एवढा रुंद होतो की सरकण्याची चूक त्यात झाकली जाते.

डीएसएलआरवर यातलं फारसं काही मिळत नाही. आजचे फोकसिंग स्क्रीन उजळ राहण्यासाठी बनवलेले असतात आणि एफ/२.८ च्या आसपासचाच पट्टा दाखवतात. एफ/१.४ चा अरुंद पट्टा डोळ्याला दिसतच नाही, मग नेम लागणार कसा? निकॉनचा व्ह्यूफाइंडरमधला फोकस लागल्याचा हिरवा ठिपका किंवा लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करणं, एवढेच आधार. कॅननच्या फुल-फ्रेम डीएसएलआरवर काही लेन्सची शेपटी अनंताला आरशावर आदळते, ते आधी तपासावं.

फोकल रिड्यूसर, म्हणजे लेन्सचं चित्र आक्रसून छोट्या सेन्सरवर पाडणारा अ‍ॅडॉप्टर, असेल तर तो काचेसकट येतो: ०.७१ पटीचा असेल तर ५८ मिमी लेन्स सुमारे ४१ होते आणि प्रकाश एका स्टॉपनं वाढतो. थरथर रोखण्याच्या मेनूत तेव्हा ४१ भरा. रेंजफाइंडरच्या वाइड लेन्सची अडचण निराळी. त्यांची शेवटची काच सेन्सरजवळ येते आणि कोपऱ्यात प्रकाश तिरका पडतो, सेन्सरवरच्या जाड काचेतून तो पसरतो. एसएलआरच्या लेन्सना हा त्रास फार नाही, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी.

विकत घेण्याआधी

अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. मुंबई-कोकणात वर्षानुवर्षं पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्समध्ये ती सर्रास सापडते. कडेला थोडी असेल तर साफ होते. काचेचा लेप खाल्लेला असेल तर डाग राहतोच. सगळीकडे पातळ दुधी थर असेल तर ती लेन्स टाळा, फोटोत कॉन्ट्रास्ट मरतो आणि पीकिंगही काम करत नाही. दोनचार धूलिकण मात्र निरुपद्रवी. पात्यांवर तेल चमकत असेल तर जिथे पिन-स्प्रिंगवर पाती बंद होतात तिथे ती रेंगाळतात. हेलिओस ४४-२ मध्ये हातानं बंद करायची असल्यानं फारसं अडत नाही. फोकस रिंग जड असेल तर जुनं ग्रीस वाळलंय, आणि जड रिंगवर वर सांगितलेलं पुढेमागे जाणं जमत नाही.

सात काचांच्या सुपर-टाकुमार ५० मिमी एफ/१.४ मध्ये थोरियम मिसळलेली काच आहे. ती किंचित किरणोत्सारी असते आणि काळानुसार पिवळी पडते. फोटोतला पिवळेपणा व्हाइट बॅलन्सनं जातो, पण प्रकाश थोडा कमी मिळतो. अतिनील एलईडी दिव्याखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघू नये.

घरी आणल्यावर लेन्स चामड्याच्या जुन्या केसमध्ये ठेवू नका, ते चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहू द्या. जून ते सप्टेंबर जेल दर काही आठवड्यांनी तापवून कोरडं करावं लागतं.